मागच्या दाराची रेघ

“आता मागे बसा, काका,” निळा कोट घातलेली मुलगी म्हणाली, आणि तो थबकला. थबकण्यासारखं त्यात काही नव्हतं. गाडी समोर उभी होती, मागचं दार उघडं होतं, आत सीट होती, आणि सीट बसण्यासाठीच असते. पण पाय उचलायच्या आधी त्याच्या मनात सहज एक विचार आला, की आपण गाडीत मागे शेवटचे कधी बसलो होतो, आणि तो आठवत आठवत मागे जात राहिला तरी कुठेच थांबेना. टॅक्सीतसुद्धा तो पुढे बसायचा, टॅक्सीवाल्याला आवडो न आवडो. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही भाड्याच्या गाडीत तो पुढे बसला होता आणि नवी नवरी मागे तिच्या मावशीशेजारी. त्या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होता आणि तसा गिअर त्याने जवळून कधी पाहिला नव्हता, हे कारण त्याने बायकोला तेव्हाच सांगितलं होतं, पण ते तिला अजून पटलेलं नाही. आणि स्वतःच्या गाडीत, बदामीत, तर मागे बसायचा प्रश्नच नव्हता. बदामी, म्हणजे तिचा रंग बदामी म्हणून, घरात येऊन एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षांत त्याने तिची मागची सीट झाडली, धुतली, दोनदा नव्याने शिवून घेतली, तिच्यावर पिशव्या, छत्र्या आणि एकदा शेजाऱ्यांचं आजारी कुत्रं ठेवलं, पण स्वतः बूड टेकलं नाही. सहासष्टाव्या वर्षी, परक्या हॉलमध्ये, बिल्ले काळ्या पट्टीने झाकलेल्या एका बिननावाच्या गाडीपुढे उभं राहून हे लक्षात यावं, याची त्याला गंमत वाटली आणि थोडं कसंतरीही वाटलं. “गुडघा दुखतोय का, काका?” मुलीने विचारलं. “छे, छे,” तो म्हणाला, “सवय नाही, इतकंच.”

तो इथे आला होता तो चोरून. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या नवी गाडी बाजारात आणायच्या आधी असा एखादा हॉल घेतात, गाडीवरची नावं झाकतात, रस्त्यावरची चाळीस माणसं बोलावतात आणि त्यांच्या हातात कागद देऊन विचारतात, की बाबांनो, कशी वाटते? याला त्या धंद्यात क्लिनिक म्हणतात. हे कळल्यावर त्याला हसू फुटलं होतं, कारण त्याची स्वतःची सदतीस वर्षं क्लिनिकच्या मागच्या खोलीतच गेली होती. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. पुढच्या खोलीत डॉक्टर तोंडाचा साचा घ्यायचे आणि मागच्या खोलीत हा प्लॅस्टर, मेण आणि छोटासा दिवा घेऊन बसायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. त्याच्या खोलीत भिंतीवर कवळीचं एकही चित्र नव्हतं. सगळ्या गाड्या होत्या. मासिकांतून कापलेल्या, आडव्या, तिरप्या, मागून काढलेल्या. डॉक्टर म्हणायचे, “पेशंट चुकून आत आला तर त्याला वाटेल, इथे दातांना टायर बसवतात.” रस्त्यातून चालताना तो दिव्यांवरून गाडीचं वर्ष सांगायचा, आणि दिवे दिसले नाहीत तर दार लागल्याच्या आवाजावरून कंपनी सांगायचा. बायको म्हणायची, “दुसऱ्या बायकांकडे वळून बघत असतात तर निदान चारचौघींत तक्रार करता आली असती. पण बंपरकडे बघतात हो, हे सांगू कुणाला?”

नोंदणीच्या कागदावरच्या तिसऱ्या प्रश्नाने घोळ केला होता. घरातलं कुणी गाड्यांच्या धंद्यात आहे का? असेल तर तुम्ही बाद. आणि त्याची मुलगी, एकुलती एक, गेली अकरा वर्षं एका गाडीच्या कंपनीत गाड्यांची चित्रं काढत होती. दारं, कडा, दिव्यांच्या भुवया. त्याने पेन उचललं आणि “नाही” लिहिलं. बाजारात यायला दोन वर्षं अवकाश असलेली गाडी नुसती बघायला मिळावी म्हणून तो याहून मोठं खोटंही बोलला असता. घरी सांगितलं, चष्म्याची दांडी सैल झाली आहे, घट्ट करून येतो. बायकोने त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि “दांडीला बरं वाटेल,” एवढंच म्हणाली.

आणि मतं म्हणाल, तर ती त्याच्याकडे पोतंभर होती. हल्लीच्या गाड्यांचं काय बिघडलंय हे त्याला कुणी विचारायचाच अवकाश असे, आणि कुणी विचारलं नाही तर तो स्वतःच विषय काढी. सगळ्यात आधी दात. पूर्वीच्या गाड्यांना तोंड होतं. दोन गोल डोळे, खाली मिटलेले ओठ, सकाळी सकाळी कामावर निघालेल्या साध्या माणसाचा चेहरा. आता बघावं ती गाडी दात विचकून उभी. ही एवढी मोठी चकचकीत जाळी, आणि तिच्यामागे काय? काही नाही. सपाट प्लॅस्टिक. हवा आत जातच नाही. जन्मभर खोटे दात बनवलेल्या माणसाला खोटे दात लांबूनही ओळखू येतात, आणि हे तर वाईट बसवलेले खोटे दात, बोलताना पडतील असे. मग डोळे, बारीक, वर ओढलेले, कायम कुणावर तरी खार खाऊन असल्यासारखे. दुकानातून पाव आणायला जाताना माणसाला एवढं रागावायची काय गरज आहे? मग उंची. डोंगर चढायला बनवल्यासारख्या गाड्या, आणि चढतात काय, तर दुकानासमोरचा पदपथ. रंग तीन, पांढरा, काळा आणि या दोघांचं न पटल्यावर उरतो तो करडा. आत बसावं तर बटणं गायब. पूर्वी पंखा वाढवायचा तर हात आपोआप त्या खुंटीवर जायचा, डोळे रस्त्यावर. आता काचेच्या पाटीवर बोट ठेवून आधी वाचायचं, मग दुसरं पान उघडायचं, तोवर पुढच्या गाडीवर जाऊन आदळायचं. बॉनेट उघडलं तर इंजिनावर झाकण, म्हणजे मालकाने बघूच नये. दिव्याचा बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागतो. पाचवं चाक काढून घेतलं आणि तिथे पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली ठेवली. आणि एका कंपनीने तर इंजिनाचा आवाज स्पीकरमधून सोडला होता! हे वाचलं त्या दिवशी तो जेवला नव्हता. न्यायाने बोलायचं तर तो हेही कबूल करी, की आताच्या गाड्या थंडीत एका झटक्यात सुरू होतात, गंजत नाहीत, आणि अपघातात माणसाला फुलासारखं जपतात. बदामी यांतलं काहीच करत नाही. पण हे तो हळू आवाजात बोले.

मुलीशी या विषयावर दर रविवारी जुंपायची. ती जेवायला येई आणि भाजी वाढायच्या आधी दोघं सुरू. तो म्हणे, “तुमच्याकडे एकाला तरी गोल दिवा काढता येतो का?” ती म्हणे, “येतो. पण मग तो तुला आवडेल, आणि तुला आवडलेल्या गाड्या कुणी घेत नाही.” मात्र घराबाहेर पडलं की ती कंपनी म्हणजे “आपली” आणि नदीपलीकडची दुसरी म्हणजे “ते”. मुलगी तिथे लागल्यापासून “त्यांच्या” प्रत्येक गाडीत त्याला काही ना काही खोट सापडायची. याला पक्षपात म्हणतात हे त्याला माहीत होतं. बाप आणखी कशासाठी असतो?

त्यामुळे आज जे झालं ते म्हटलं तर सरळच झालं. इथला नियम असा, की आधी गाडीभोवती फिरायचं, बाहेरच्या रूपाला दहापैकी गुण द्यायचे, कारण लिहायचं आणि कागद पेटीत टाकायचा. पेटीत टाकल्याशिवाय आत बसायला मिळत नाही. तो फिरला. गाडी बरी होती. खरं सांगायचं तर बरीच बरी होती. दात नव्हते. आणि पुढच्या दिव्यापासून निघालेली एक रेघ पुढच्या दारावरून सरळ, शहाण्यासारखी जात होती आणि मागच्या दाराशी येऊन अलगद खाली वाकत होती, खिडकीची कडही तिच्याबरोबर खाली, आणि मग पुन्हा वर. तो तिथे थांबला होता. मेणावर सुरी फिरवताना हात कधी कधी स्वतःहून अशी वळणं घेतो आणि नंतर ती पुन्हा जमत नाहीत. सात, त्याच्या मनाने सांगितलं. इतक्यात त्याच्या आधीच्या माणसाने, एका गलेलठ्ठ बसचालकाने, आत बसून दार ओढलं. आधी धप्प, आणि मग दाराच्या पोटातून एक बारीकसा हुंकार. त्याचे कान टवकारले. हा हुंकार फक्त “त्यांच्या” दारांना असतो. हे तो झोपेत सांगू शकला असता. अच्छा, म्हणजे चोर हे आहेत तर. त्याने कागद तळहातावर घेतला, दहापैकी दोन लिहिले, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, मागच्या दाराशी रेघ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते, काढणाऱ्याचा हात थकला असावा. वाक्य त्याला आवडलं. पोरीसाठी आपण काहीतरी केलं या समाधानाने त्याने कागद पेटीत टाकला.

आणि आता तो मागे बसला. पाय आत घेतले, निळ्या कोटातल्या मुलीने हलकेच दार लावलं, आणि बाहेरची सगळी कुजबुज एकदम बंद झाली. नव्या कापडाचा वास आला. पुढच्या दोन सीटच्या पाठी त्याच्यासमोर उभ्या होत्या, आणि माणसांच्या पाठी बघाव्यात तसं त्याला वाटलं; इथून पुढचं काहीच आपल्या हातात नाही. हात मांडीवर काय करायचे ते कळेना. पायाखाली क्लच नाही. मागे बसणारी माणसं करतात तरी काय? त्याने आतल्या कागदावर लिहायला पेन काढलं आणि ते निसटून खाली गेलं. तो वाकला, सीटखाली चाचपडला, पेन सापडलं, आणि तसाच अर्धा वाकलेला असताना त्याने मान वळवली. डोकं सीटच्या पाठीच्या निम्म्यावर होतं, आणि तिथून त्याला सगळा हॉल दिसत होता. निळ्या कोटातल्या मुलीचे बूट. त्यातल्या एकाची सुटलेली नाडी. भिंतीशी ठेवलेली खुर्ची, खुर्चीवरची पाण्याची बाटली, पलीकडचं दार. खिडकीची कड इतकी खाली आली होती की वाकलेल्या माणसालाही बाहेरचं दिसावं. वाकलेल्या माणसाला कशाला दाखवायचं, असं मनात येतंय न येतंय तोच त्याला कळलं, की ही उंची वाकलेल्या माणसाची नाही. ही चार वर्षांच्या मुलाची उंची आहे.

“आता काय आलं, बाबा?” हे तिचं वाक्य होतं. बदामी नवी होती आणि मुलगी चार वर्षांची. पुढे तो आणि बायको, मागे ही एकटी. आरशात त्याला तिचा चेहरा कधी दिसत नसे, फक्त डोक्यावर बांधलेलं केसांचं कारंजं, खड्ड्यात गाडी उडाली की तेही उडायचं. आणि खिडकीच्या कडेवर चार चार बोटं. “आता काय आलं, बाबा?” मग तो सांगायचा. आता पूल. पुलावर एक हिरवी, गोल दिव्यांची, बिचारीला खोकला झालाय, धूर बघ. आता एक लांबलचक काळी, कुणीतरी मोठा माणूस असणार, बघ बघ, चाकाच्या टोप्या कशा चमकतात. आता एक लाल, दोनच दारांची, मागच्यांनी खिडकीतून चढायचं. आणि मागून उत्तर यायचं, “हो.” दर वेळी, “हो.” त्याला वाटायचं, पोरीला गाड्यांची किती आवड! शाळेत तिने पहिलं चित्र गाडीचं काढलं तेव्हा तो गल्लीभर दाखवत फिरला होता. बदामीच्या मागच्या खिडकीची कड किती उंच आहे, ती सीट किती खोल आहे, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? तो कायम पुढे होता. मूल बुटकं आहे असं त्याला वाटत आलं होतं. खिडकी उंच असू शकेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. तो बघ, बघ म्हणत होता आणि ती न बघता हो म्हणत होती. हल्लीच्या गाड्यांच्या खिडक्या उंच झाल्या, पोरांना बाहेरचं दिसत नाही, असं तो तिलाच तावातावाने सांगत आला होता, गेली अकरा वर्षं, वरणात बुडवलेला चमचा हलवत. त्याचे कान तापले.

आणि मग गेला रविवार आठवला. ती म्हणाली होती, “या शनिवारी माझी एक रेघ परीक्षेला बसतेय.” कसली रेघ, त्याने विचारलं. “सांगता येत नाही. पण सहाच्या खाली सरासरी आली तर साहेब पट्टी घेऊन ती सरळ करणार आहेत.” हे म्हणताना तिने टेबलावर सांडलेल्या पाण्यातून बोट ओढलं होतं. सरळ, सरळ, मग खाली, मग वर. त्याला वाटलं, पुसतेय. शनिवारचं बोलावणं तेव्हा त्याच्या खिशातच होतं, पण शनिवार सगळ्यांचाच असतो, आणि आपल्या मुलीची परीक्षा असली तर ती तिच्याच इमारतीत होणार, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. पाण्यातली ती रेघ आणि या दारावरची रेघ एकच होती. ते “त्यांचं” दार नव्हतंच. सदतीस वर्षं कवळ्या केल्या आणि एक गोष्ट त्याने कधी मोडली नव्हती. कवळी कितीही सुबक दिसो, पेशंटने ती घालून काहीतरी चावून पाहिल्याशिवाय तो तिला चांगली किंवा वाईट म्हणत नसे. तोंडाला विचारा, असं तो डॉक्टरांना सांगायचा. आणि आज त्याने तोंडाला न विचारता दोन गुण दिले होते, तेही मनात सात असताना, पोरीचं भलं करायला.

“झालं का, काका?” दार उघडून निळ्या कोटातल्या मुलीने विचारलं. “मला तो पेटीतला कागद परत हवाय,” तो म्हणाला. “टाकलेला कागद परत मिळत नाही.” “एक आकडा चुकलाय.” “सगळ्यांना आत बसल्यावर असंच वाटतं,” ती समजावणीच्या सुरात म्हणाली, “म्हणून तर पेटी आहे.” ती तिचं काम चोख करत होती आणि त्याला तिचा राग येणं शक्य नव्हतं. तो गाडीतून उतरला आणि हॉलच्या मधोमध उभा राहिला. गप्प राहावं तर ते दोन तिच्या रेघेवर दगडासारखे बसणार. बोलावं, तर चोरून आलेला बाप म्हणजे पोरीनेच घरी गुपित फोडलं, असं कुणीही म्हणेल. अकरा वर्षांच्या नोकरीला डाग. त्याची पाचावर धारण बसली. बसचालक शेजारी येऊन म्हणाला, “मस्त आहे की नाही? आतून मी पाच दिले. सीट अरुंद आहे.” “तुम्ही रुंद आहात,” तो चिडून म्हणाला, आणि लगेच म्हणाला, “माफ करा हो. माझं जरा बिनसलंय.” बसचालक हसत सुटला. का कोण जाणे, त्या हसण्याने त्याला धीर आला, आणि तो सरळ नोंदणीच्या टेबलाकडे चालू लागला.

टेबलामागच्या बाईंचा चष्मा गळ्यातल्या साखळीला होता. “माझा कागद रद्द करा,” तो म्हणाला. “क्रमांक सतरा. मी तिसऱ्या प्रश्नाला खोटं लिहिलंय.” बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “कोण आहे धंद्यात?” “मुलगी.” “कुठल्या कंपनीत?” “बहुतेक इथेच. पण तिने मला एका शब्दाने काही सांगितलेलं नाही. तिला मी आलोय हेही माहीत नाही. वाटलं तर माझ्या बायकोला विचारा. नको, तिलाही माहीत नाही.” बाईंनी पेटी उघडली, सतरा नंबरचा कागद काढला, त्यावर आडवी फुली मारली आणि शिक्का उमटवला. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने मोह होऊन विचारलं, “मग आता आत बसून माझं जे खरं मत झालंय ते लिहून देऊ का? सात. नाही, आठ.” “काका,” बाई म्हणाल्या, “तुमचं मत आता कुठेच धरता येणार नाही.” आयुष्यभर न विचारता मतं वाटत आलेल्या माणसाचं पहिलंच पूर्ण तपासून घेतलेलं मत, आणि ते धरता येणार नव्हतं. त्याला मनापासून हसू आलं. बाईंना वाटलं, यांना पाणी द्यावं.

नियमाप्रमाणे मुलीचं नाव विचारून वर, कंपनीची माणसं बसली होती तिथे, फोन गेला आणि पाच मिनिटांत त्याची मुलगी जिन्यावरून खाली आली. केसांत पेन्सिल खोचलेली, बाह्या दुमडलेल्या. तिला पाहून तो शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. “बाबा? तू?” “आलो होतो.” “आईला सांगून?” “चष्म्याची दांडी म्हणालो.” “मग माझं सोड, आधी घरचं बघ,” ती म्हणाली. बाईंनी फुली मारलेला कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो वाचला. मोठ्याने वाचला. “‘कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते. काढणाऱ्याचा हात थकला असावा.’” मग खालचा आकडा बघून तिने मान वर केली, आणि क्षणभर तिचा चेहरा चार वर्षांचा झाला. “दोन, बाबा?” त्याला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. “मला वाटलं, त्यांची आहे.” “कुणाची?” “नदीपलीकडच्यांची. दार लागल्यावर हुंकार आला ना!” तिने त्याच्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि मग ती अशी हसायला लागली, की तिला खुर्ची ओढून घ्यावी लागली. “म्हणजे माझ्यासाठी तू मला दोन दिलेस?” डोळे पुसत ती म्हणाली. “पाच वाजेपर्यंत गाडीत जाऊन बस. आणि कुणाच्या दाराचे आवाज ऐकू नकोस.”

तो बदामीत जाऊन बसला, पुढे, आपल्या जागी, आणि साडेतीनपासून पाचपर्यंत त्याने स्टिअरिंग धरून ठेवलं. समोर उभ्या असलेल्या गाड्या त्याला दिसत होत्या, पण एकीविषयीही त्याचं काही मत होईना. साहेब तिला काय बोलत असतील? लेखी खुलासा मागतील? त्याने मनातल्या मनात त्या साहेबांशी चार वेळा भांडण केलं आणि चारही वेळा शेवटी माफी मागितली. पाचला ती आली, पर्स सावरली आणि खिडकीतून आत वाकली. “साहेब खूश आहेत,” ती म्हणाली. “खूश?” “नदीपलीकडच्यांसारखा आवाज यावा म्हणून त्या दारावर दोन वर्षं घालवलीत त्यांनी. एक बाहेरचा माणूस फसला म्हणून आनंदात आहेत. तुला भेटायचंय म्हणाले. मी सांगितलं, बोलायला लागले की जेवण होईपर्यंत थांबत नाहीत.” त्याने पुढचं विचारायला तोंड उघडलं. तीच म्हणाली, “सहा. सहाच्या वर एवढंसं, नखाएवढं. पण वर.” म्हणजे रेघ राहिली. त्याने मनातल्या मनात आपले दोन त्या बेरजेत परत टाकून पाहिले, आणि पुरता आकडा निघायच्या आत विचार सोडून दिला.

मग तो खाली उतरला आणि किल्ली तिच्यापुढे धरली. बदामीचं स्टिअरिंग त्याने एकतीस वर्षांत कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ती गाडी शिकलीसुद्धा शिकवणीच्या गाडीवर. ती नुसती बघत राहिली. “बरं वाटत नाहीये का तुला?” “अगदी उत्तम वाटतंय. दुसरा गिअर जरा रुसतो, त्याची समजूत घाल.” आणि तो मागचं दार उघडून आत बसला. सीट खोल होती. दोनदा शिवून घेतलेली ती सीट इतकी खोल आहे, हे सीटनेच त्याला आत्ता सांगितलं. मुलीने गाडी काढली. दुसरा गिअर पहिल्या झटक्यात पडला, याचा त्याला किंचित मत्सर वाटला. थोडं अंतर गेल्यावर त्याने तिच्या पाठीला विचारलं, “तुला इथून काही दिसायचं नाही ना गं?” “आकाश दिसायचं,” ती म्हणाली. “तारा दिसायच्या. कधी उंच ट्रकचं टोक.” “मग सांगायचं नाही का कधी? मी एक उशी ठेवली असती.” “म्हणून तर नाही सांगितलं. उशी ठेवली असतीस, तर मला दिसलं असतं. आणि मग तू सांगणं बंद केलं असतंस.”

त्याने बूट काढले, पाय लांब केले आणि घसरत घसरत सीटमध्ये इतका खाली गेला की डोकं सीटच्या पाठीच्या निम्म्याला आलं. खिडकीत खरंच आकाशच होतं, संध्याकाळचं, आणि त्यातून तारा वर खाली होत मागे जात होत्या. बदामीच्या पोटातला तो जुना खडखडाट इथे मागे वेगळाच ऐकू येत होता, जास्त जवळचा. आरशात तिला आता त्याचा चेहरा दिसत नसणार. फार तर पांढऱ्या केसांचा एक झुबका दिसत असेल.

“आता काय आलं गं?” त्याने विचारलं.

“पूल,” ती म्हणाली. “आणि पुलावर समोरून एक पांढरी, भली दांडगी, डोंगर चढायला निघालेली. दात बघ, बाबा, दात बघ! कवळी नीट बसलेलीच नाहीये.”

“हो,” तो म्हणाला. त्याला काहीही दिसत नव्हतं.